बंद शाळा आणि मुलांचे मन

(शिक्षक आणि शालेय समुपदेशक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मार्च २०२० च्या मध्यास देशातील बहुतेक राज्यांनी शाळा बंद करण्याचे आदेश काढले. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. ही सुटी फार तर महिनाभराची असेल, असा त्यावेळी सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात युनेस्कोच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत भारतातील शाळा ८२ आठवडे पूर्णतः किंवा अंशतः बंद राहिल्या. जगातील सर्वाधिक प्रदीर्घ शालाबंदींमध्ये तिची गणना होते. युनिसेफच्या अंदाजानुसार सुमारे १५ लाख शाळा बंद झाल्यामुळे प्राथमिक व माध्यमिक वर्गांतील २४.७ कोटी विद्यार्थी घरी बसले. अंगणवाड्यांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण घेणारी २.८ कोटी बालके यात धरलेली नाहीत.

या काळात मुलांचा अभ्यास किती मागे पडला, याविषयी बरीच चर्चा झाली. ती आवश्यकच होती. परंतु मुलांच्या मनावर काय परिणाम झाला, हा प्रश्न त्या चर्चेत बहुधा शेवटच्या परिच्छेदात येत असे. आज आपण त्या प्रश्नापासूनच आरंभ करणार आहोत. महासाथ ओसरून काही वर्षे लोटल्यावर हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. उत्तर सोपे आहे. जून २०२० मध्ये कागदोपत्री पहिलीत दाखल झालेले मूल आज उच्च प्राथमिक वर्गात आहे. त्यावेळी पाचवीत असलेली मुले बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पोहोचली आहेत. ती मुले तुमच्या-आमच्या समोर बसलेली आहेत.

शाळा मुलाला काय देते?

शाळा म्हणजे अध्यापनाची जागा, अशी आपली रूढ व्याख्या आहे. मुलाच्या दृष्टीने ती अपुरी आहे. शाळा मुलाच्या दिवसाला आकार देते. सकाळी उठण्याचे कारण, घंटेची शिस्त, मधली सुटी, खेळाचा तास आणि घरी परतण्याची वेळ या गोष्टी मोठ्यांना किरकोळ वाटतात. परंतु पुढे काय होणार हे ठाऊक असणे हाच बालमनाच्या स्वास्थ्याचा पाया असतो. शाळा समवयस्कांचा सहवास देते. भांडणे, रुसणे, समेट करणे, हरणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे या भावनिक जीवनाच्या मुळाक्षरांचा सराव तेथेच होतो. तो कोणत्याही पडद्यावर होत नाही.

गरीब घरातील मुलासाठी शाळा याहून अधिक काही असते. मध्यान्ह भोजन योजनेचा लाभ २०२१ मध्ये सुमारे ११ लाख शाळांतील ११ कोटींहून अधिक मुलांना मिळत होता. सप्टेंबर २०२१ पासून ही योजना ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते. शाळा बंद असताना राज्यांनी त्याऐवजी कोरडा शिधा किंवा अन्नसुरक्षा भत्ता दिला आणि त्यामुळे अनेक कुटुंबांना आधार मिळाला, हे मान्य करावयास हवे. तथापि घरी आलेला शिधा सर्वांच्या वाट्याला जातो. शाळेत पंगतीत बसून खाल्लेले जेवण हे त्या मुलाचे स्वतःचे असते.

याशिवाय शाळेत घराबाहेरची एक प्रौढ व्यक्ती मुलाला रोज पाहत असते. हातावरचा वळ, सतत खाली असलेली नजर, अचानक गप्प झालेली मुलगी या बाबी प्रथम शिक्षकाच्या लक्षात येतात. घरात मारहाण किंवा व्यसन असेल, तर शाळा हीच त्या मुलाची दिवसातील पाच-सहा तासांची सुरक्षित जागा असते. शाळा बंद झाल्या तेव्हा हे सर्व आधार एकाच वेळी काढून घेतले गेले. त्याच वेळी घरात रोजगार गेल्याची चिंता आणि आजाराचे भय शिरले होते. बालमानसावरील परिणामांचा विचार या दुहेरी आघाताच्या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

अभ्यासांतून दिसलेले चित्र

‘जामा पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात विविध देशांतील २९ अभ्यास एकत्र करण्यात आले. त्यांत सुमारे ८१ हजार मुले व किशोरवयीन समाविष्ट होते. त्यांपैकी २५.२ टक्के मुलांमध्ये औदासीन्याची आणि २०.५ टक्के मुलांमध्ये चिंतेची लक्षणे लक्षणीय प्रमाणात आढळली. महासाथीपूर्वीच्या अंदाजांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. महासाथ जसजशी लांबत गेली तसतसे प्रमाण वाढले, आणि किशोरवयीन मुले व मुली यांच्यात ते अधिक होते.

आपल्या देशात एनसीईआरटीने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात इयत्ता सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे प्रमुख कारण असल्याचे ८१ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. भावस्थितीत वारंवार चढउतार होतात, असे ४३ टक्क्यांनी नमूद केले. ऑनलाइन पद्धतीने शिकताना अडचणी आल्याचे ५१ टक्के विद्यार्थ्यांचे म्हणणे होते, आणि २८ टक्के विद्यार्थी प्रश्न विचारण्यास कचरत होते. याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. शालेय जीवनाविषयी ७३ टक्के विद्यार्थ्यांनी समाधान व्यक्त केले. म्हणजे परीक्षेचे भय असूनही मुलांना शाळा हवी आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये १०,३३५, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही येतात. आत्महत्येचे कारण कधीच एक नसते, त्यामुळे ही वाढ केवळ शालाबंदीच्या खात्यावर मांडणे योग्य ठरणार नाही. परंतु ज्या वर्षांत मुलांच्या जवळ मित्र आणि शिक्षक असणे सर्वाधिक आवश्यक होते, त्याच वर्षांत ते दुरावले होते, एवढे तरी आपण ध्यानात घेतले पाहिजे.

समतोल राखण्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. सर्वच मुलांची हानी झाली असे नाही. ज्यांना वर्गातील चेष्टेची किंवा शिक्षेची धास्ती होती, अशा काहींना घरी राहून सुटल्यासारखे वाटले. काही घरांत आई-वडिलांचा सहवास प्रथमच मिळाला. पण ज्याला शाळा बंद झाल्याने सुटका वाटली, त्या मुलाची कहाणी हीसुद्धा शाळेविषयीची तक्रारच आहे. तिचीही दखल घ्यावयास हवी.

संकट एक, झळ वेगवेगळी

ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. त्यावेळी ग्रामीण भागात केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती, तर ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. ग्रामीण भागातील ९७ टक्के पालकांना शाळा उघडाव्यात असे वाटत होते. त्याच वर्षीच्या ‘असर’ अहवालानुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु त्यांतील सुमारे २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता.

या आकड्यांकडे मनाच्या अंगाने पाहावे. वर्ग सुरू आहे हे ठाऊक आहे, मित्र त्यात बसले आहेत हेही ठाऊक आहे, आणि आपण मात्र बाहेर आहोत, ही भावना दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी शिक्षेसारखी असते. त्या वयात मूल परिस्थितीला दोष देत नाही, ते स्वतःलाच कमी लेखू लागते. घरात फोन एकच असेल तर तो आधी भावाला मिळतो आणि बहिणीच्या वाट्याला पाणी, स्वयंपाक व धाकट्यांची देखभाल येते, हे आपल्याला नवीन नाही. शाळेत जाणारी मुलगी ही ‘विद्यार्थिनी’ असते. शाळा बंद झाली की अनेक घरांत ती ‘लग्नाची मुलगी’ होते. महासाथीच्या परिणामी २०३० पर्यंत जगात एक कोटी अतिरिक्त बालविवाह होण्याचा धोका असल्याचा इशारा युनिसेफने मार्च २०२१ मध्ये दिला होता.

स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची स्थिती याहून वेगळी होती. टाळेबंदीच्या काळात एक कोटीहून अधिक स्थलांतरित श्रमिक आपापल्या राज्यांत परतल्याचे शासनाने संसदेत सांगितले. सुरतच्या कापड उद्योगातून ओडिशातील गंजाम जिल्ह्यात परतलेल्या कुटुंबाचा विचार करा. मुलाची शाळा सुटली, मित्र सुटले, भाषेचे वातावरण बदलले, आणि वडिलांचा अगतिक चेहरा त्याने वाटेत पाहिला. अशा मुलाला पुन्हा वर्गात बसवणे म्हणजे हजेरीपटावर नाव लिहिणे एवढेच काम नसते.

दुःखाची सर्वांत मोठी झळ ज्यांचे पालक गेले त्यांना बसली. १ एप्रिल २०२० ते ११ जानेवारी २०२२ या काळात कोविड किंवा अन्य कारणांनी आई, वडील किंवा दोघांनाही गमावलेल्या १,४७,४९२ मुलांची नोंद राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाकडे झाली. अनेकांना अंत्यदर्शनही मिळाले नाही. एरवी अशा प्रसंगी नातलग येतात, शेजारी जेवण पाठवतात, वर्गमित्र भेटतात. शोक पचवण्याची ही समाजाने घडवलेली रीत त्या काळात खंडित झाली होती.

शाळा उघडल्यानंतर

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर जे दिसले ते आपणांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवले असेल. तिसरीतील मुले पहिलीतल्यासारखी रडत होती, कारण ती खरोखर प्रथमच शाळेत आली होती. मुलांना एका जागी बसवत नव्हते. किरकोळ कारणावरून हाणामाऱ्या होत होत्या. मोठ्या वर्गांतील काही मुले बोलेनाशी झाली होती. एम्समधील तज्ज्ञांचा सहभाग असलेल्या एका संकलित विश्लेषणात टाळेबंदीच्या काळात सुमारे ४२ टक्के मुलांमध्ये चिडचिडेपणा आणि सुमारे ३१ टक्के मुलांमध्ये अवधानाचा अभाव नोंदवला गेला होता. वर्गात आपण ज्याला बेशिस्त म्हणत होतो, ते पुष्कळदा हेच होते.

येथे अध्ययन आणि मानसिक स्वास्थ्य यांचे नाते स्पष्ट होते. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील १६,०६७ मुलांची पाहणी केली. त्यांत ९२ टक्के मुले मागील वर्षी येत असलेले किमान एक भाषिक कौशल्य आणि ८२ टक्के मुले किमान एक गणिती कौशल्य विसरली असल्याचे आढळले. वाचता येत नाही म्हणून लाज, लाज वाटते म्हणून मौन, आणि मौनामुळे आणखी मागे पडणे, असे हे चक्र आहे. पुढच्या इयत्तेचे पुस्तक हाती देऊन ते थांबत नाही, उलट अधिक वेगाने फिरते. म्हणून उजळणी आणि मनाची उभारी ही दोन वेगळी कामे नव्हेत.

तमिळनाडूचा अनुभव

याविषयी आश्वासक पुरावा तमिळनाडूतून मिळतो. तेथील शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे घराच्या दारी शिक्षण, हा कार्यक्रम सुरू केला. गावातील स्वयंसेवक, त्यांत बहुतांश महिला, सायंकाळी तास-दीड तास मुलांना एकत्र आणून खेळ, गोष्टी आणि उजळणी घेत. अभिजित सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामीण तमिळनाडूतील सुमारे १९ हजार मुलांचा मागोवा घेतला. शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत अध्ययनातील तुटीपैकी सुमारे दोन तृतीयांश भरून निघाल्याचे त्यांना आढळले. या भरपाईतील जवळजवळ एक चतुर्थांश वाटा सायंकाळच्या या वर्गांचा होता.

या अभ्यासात मोजले गेले ते भाषा आणि गणित. परंतु त्यातून मला एक व्यापक अर्थ दिसतो. हे वर्ग चालवणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची होती, जागा घराजवळची होती, गट लहान होता आणि परीक्षा नव्हती. भीती कमी झाली की शिकणे सुरू होते. ‘असर’च्या अहवालांवरूनही भरपाई शक्य असल्याचे दिसते. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. ते २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेले. अर्थात २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले शालाबंदीत सापडलेली मुले नव्हेत. ज्यांची ती वर्षे गेली, ती मुले आता वरच्या वर्गांत आहेत आणि त्यांच्याकडे आपले लक्ष कमी आहे.

उपलब्ध यंत्रणा आणि उणिवा

शासकीय पातळीवर काही महत्त्वाची पावले उचलली गेली. शिक्षण मंत्रालयाने २१ जुलै २०२० रोजी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू करून विद्यार्थी, शिक्षक व पालकांसाठी दूरध्वनीवरून समुपदेशनाची सोय केली. बालहक्क आयोगाने ‘संवेदना’ ही सेवा चालवली. मे २०२१ मध्ये अनाथ झालेल्या मुलांसाठी ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ योजना जाहीर झाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मदत मिळते. त्याआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षित करण्याची आणि भावनिक स्वास्थ्य हा विषय शिकवण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावयाचा आहे.

तरतुदी आहेत, परंतु मनुष्यबळ अपुरे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ इतकेच होते. दुसरी अडचण संकोचाची. युनिसेफच्या २०२१ च्या पाहणीत मानसिक त्रासासाठी इतरांची मदत घेणे चांगले, असे भारतातील १५ ते २४ वयोगटातील केवळ ४१ टक्के तरुणांना वाटत होते. एकवीस देशांची सरासरी ८३ टक्के होती. म्हणजे दहापैकी सहा तरुण मदतीच्या दारापर्यंत येणारच नाहीत. त्यांच्यापर्यंत कोणाला तरी जावे लागेल, आणि रोज जाऊ शकणारी व्यक्ती शिक्षक हीच आहे.

शिक्षकाने काय करावे?

शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा नाही. आधीच अनेक कामांचा भार असताना ती अन्यायकारक ठरेल. अपेक्षा तीन गोष्टींची आहे. पहिली, पाहणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ एखादे मूल एकाकी राहत असेल, झोप किंवा भूक हरपली असेल, वारंवार पोट किंवा डोके दुखत असेल, आवडता खेळ त्याने सोडला असेल, तर त्याची नोंद घ्यावी. दुसरी, ऐकणे. एकांतात, परंतु सुरक्षित व इतरांना दिसेल अशा जागी, उपदेश न करता दहा मिनिटे ऐकावे. ‘एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलास’ हे वाक्य टाळावे. तिसरी, जोडून देणे. मूल जगण्याविषयी निराशेचे बोलत असेल, तर ते गुपित ठेवू नये. पालक, समुपदेशक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम किंवा टेली-मानस यांच्याशी त्याच दिवशी संपर्क साधावा. घरात छळ होत असल्याची शंका आल्यास १०९८ ही बालसहाय्य सेवा आहे.

यासाठी शाळेच्या वेळापत्रकात अवकाश असावा लागतो. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत सर्वप्रथम खेळाचा, चित्रकलेचा आणि संगीताचा तास कापला जातो. मुलाच्या मनाला सावरणारे तास नेमके तेच आहेत. मुख्याध्यापकांनी हे तास राखावेत. शिक्षकांनीही त्या काळात आप्त गमावले, स्वतः आजार सोसले. त्यांचे दुःख ऐकणारी व्यवस्थाही आपण उभी केली पाहिजे.

यापुढे शाळा बंद करताना

शेवटचा मुद्दा धोरणाचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये रोगाविषयी फारसे ज्ञान नव्हते आणि शाळा बंद करणे हा समंजस निर्णय होता. परंतु बाजार, उपाहारगृहे आणि सभा-समारंभ सुरू झाल्यावरही अनेक ठिकाणी शाळांची दारे मिटलेलीच राहिली. त्या क्रमामागे एक गृहीत होते: मूल घरी बसले तर फारसे बिघडत नाही. ते गृहीत चुकीचे होते, हे आज पुराव्यानिशी सांगता येते.

शाळा बंद करण्याची वेळ पुढेही येणार आहे. दिल्ली परिसरात नोव्हेंबर २०२३ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वायुप्रदूषणामुळे प्रत्यक्ष वर्ग थांबवावे लागले. आसामात पुराच्या दिवसांत अनेक शाळांचे मदत शिबिरात रूपांतर होते. उष्णतेच्या लाटांमुळे सुट्या वाढतात. अशा प्रत्येक वेळी आदेशासोबत आणखी काही प्रश्नांची उत्तरे दिली जावीत. जेवण कोठे मिळेल? मुले लहान गटांत कोठे भेटतील? प्रत्येक मुलाशी आठवड्यातून एकदा कोण बोलेल? आणि शाळा पुन्हा केव्हा उघडेल? प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात या प्रश्नांसाठी एक पान असावे. शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी, हा संकेत रूढ व्हावा.

मित्रहो, या प्रशिक्षणानंतर आपण आपापल्या शाळांत परत जाल. पहिल्याच आठवड्यात आपल्या वर्गाचा हजेरीपट समोर ठेवावा आणि प्रत्येक नावासमोर स्वतःला एक प्रश्न विचारावा: २०२० आणि २०२१ मध्ये हे मूल कोठे होते, कोणासोबत होते? ज्या नावापुढे उत्तर ठाऊक नसेल, त्या मुलापासून संवादाला आरंभ करावा. बंद शाळांनी जे हिरावून घेतले, ते परत देण्याची शक्ती उघड्या शाळेतच आहे.